पदवी एक, पगार दोन

बारावीचा निकाल लागला, की शाळेच्या पायरीपासून मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न कानावर येतो : "आता कोणती लाइन घ्यायची? किस लाइन में पैसा है?" विचारणारे अब्बा कधी रिक्षा चालवणारे असतात, कधी दोन दुकानांचे मालक. अम्मी फोन करून विचारतात. प्रश्न तोच, आणि त्यामागची समजूतही तीच, की 'लाइन' म्हणजे पाण्याचा नळ. या टोकाने मूल आत घातले, की त्या टोकाने ठरलेला पगार बाहेर येणार. इंजिनीअर म्हणजे इतका, बी.कॉम. म्हणजे इतका, बी.एड. म्हणजे इतका.

आमच्या वर्गातून गेलेल्या मुलांकडे पाहिले तर हा हिशोब कुठेच जुळत नाही. एकाच वर्षी, एकाच कॉलेजातून, एकाच शाखेची पदवी घेतलेली दोन मुले आमच्या माहितीत आहेत. एकाला महिन्याला लाखाच्या वर मिळतात. दुसऱ्याला हातात चोवीस हजार मिळतात, त्यातले नऊ हजार पुण्यातल्या खोलीच्या भाड्यात जातात. दुसरा मुलगा आता नातेवाइकांच्या शादीला जायचे टाळतो, कारण तिथे कोणी ना कोणी चाचा भेटतात आणि पॅकेज विचारतात. रिश्त्याच्या बोलण्यातही 'काय शिकलाय' यापाठोपाठ तोच प्रश्न येतो. मग घरात कुजबुज सुरू होते : पढाई में ध्यान नहीं दिया होगा. मोबाइल पाहत बसला असेल. त्याने काय केले आणि काय नाही ते आम्ही जवळून पाहिले आहे. तो आळशी नव्हता. म्हणून या महिन्यात हा विषय जरा सविस्तर घ्यायचे ठरवले.

आयटीचेच पाहू, कारण आपल्या घरांतली गणितात बरी असलेली बहुतेक मुले तिकडेच निघतात. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे हिंजवडीत एमआयडीसीचे आयटी पार्क झाले आणि इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे हिंजवडी, असे समीकरण सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यात बसले. २०१० च्या सुमाराला या मोठ्या कंपन्या नव्या इंजिनीअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आज, दीड दशकानंतर, सर्वसाधारण भरतीचा आकडा तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. मधल्या काळात महागाई दुपटीच्या पुढे गेली. म्हणजे आकडा तोच राहिला, पण त्या पैशात येणारा किराणा आणि घरभाडे निम्म्याहून कमी झाले. थोरल्या भावाने या पगारात घरी पैसे पाठवले, बहिणीच्या लग्नाला हातभार लावला. धाकटा तोच पगार घेऊन घरून पैसे मागवतो. दोघांच्या मेहनतीत फरक नाही.

आता याच चित्राची दुसरी बाजू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही देशातली सर्वांत मोठी आयटी कंपनी. तिची नव्या पदवीधरांसाठीची परीक्षा एकच असते, पण त्यातून निवडलेल्या मुलांच्या तीन पायऱ्या होतात : निन्जा, डिजिटल आणि प्राइम. निन्जाला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, डिजिटलला सात लाखांच्या आसपास, प्राइमला नऊ लाखांच्या वर. पदवी तीच, कंपनी तीच, रुजू होण्याचा दिवसही कदाचित तोच, आणि पहिल्याच महिन्यात पगारात दुपटी-तिपटीचा फरक. इतर मोठ्या कंपन्यांतही वेगवेगळ्या नावांनी अशाच पायऱ्या आहेत.

हे का होते? एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे : कॉलेजे फार झाली, मुले फार झाली. ते खरेच आहे. २०२४ पासून एआयसीटीईने एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाही उठवली आणि नावाजलेल्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढवल्या. पण मुले फार झाली एवढेच कारण असते, तर सगळ्यांचेच पगार खाली आले असते. वरच्या पायरीचे तर वाढले आहेत. तेव्हा दुसरे काही तरी घडते आहे.

या दुसऱ्या गोष्टीचा विचार जगात पन्नास वर्षे चालू आहे. यान टिनबर्गेन नावाचे एक डच अर्थशास्त्रज्ञ होते. अर्थशास्त्राचे नोबेल १९६९ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हाच्या दोन मानकऱ्यांपैकी हे एक. त्यांनी सत्तरच्या दशकात मांडले, की तंत्रज्ञान आणि शिक्षण यांची शर्यत चालू असते. नवी यंत्रे शिकलेल्या माणसांची मागणी वाढवतात आणि शाळा-कॉलेजे शिकलेल्या माणसांचा पुरवठा वाढवतात. जो पुढे, त्यावर शिकलेल्याचा पगार ठरतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात पदवीधर इतके झाले, की पदवीची किंमत घसरली. १९८० नंतर संगणक कचेऱ्यांत शिरला, पदवीधरांची वाढ मंदावली, आणि किंमत पुन्हा चढली. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००८ मध्ये याच शर्यतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

पण ही मांडणी 'शिकलेला' आणि 'न शिकलेला' अशा दोन ढिगांची आहे. एकाच ढिगात इतकी उतरंड का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २००३ मधला एक लेख उपयोगी पडतो. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन या तिघांनी त्यात हुद्दा आणि पदवी बाजूला ठेवून माणूस दिवसभर नेमके काय काम करतो ते पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जे काम नियमात लिहून काढता येते, 'हे आले तर ते कर' असे पायरीपायरीने सांगता येते, ते संगणक करतो. मग ते काम करणारा अंगठाबहाद्दर आहे की पदवीधर, याच्याशी संगणकाला देणेघेणे नसते. आणि जे काम असे लिहून काढता येत नाही, म्हणजे अडचण ओळखणे, समोरच्याला पटवणे, दोन भलत्याच गोष्टी जोडून पाहणे, त्यात संगणक माणसाच्या हाताखाली राबतो आणि त्या माणसाची किंमत वाढवतो.

आम्हाला हे वाचताना आयटीपेक्षा आपल्या बाजारपेठेतला बी.कॉम. झालेला मुलगा आठवला. पूर्वी पेढीवर मुनीमजी असत. लाल वहीत रोजकीर्द, मग खतावणी, दिवाळीला ताळेबंद. बेरीज जुळेपर्यंत रात्री बसत. त्यांच्या हिशोबाच्या हुनराला मान होता, कारण चूक न करता शंभर नोंदी उतरवणे सोपे नव्हते. मग टॅली आले. बिल टाकले की रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद सगळे आपोआप. आता बी.कॉम. झालेला मुलगा तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास करतो आणि दुकानात दहा-पंधरा हजारांवर बिले टाकत बसतो. मुनीमजींच्या डोक्यात जे होते ते आता यंत्रात आहे. मुलाकडे राहिले ते बोटांचे काम, आणि बोटे पुष्कळ आहेत.

त्याच बी.कॉम.च्या वर्गातली एक मुलगी सी.ए.ची आर्टिकलशिप करून आता करसल्लागाराच्या कचेरीत आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांची झोप उडाली होती. कोणत्या मालावर कोणता दर, आधी भरलेल्या कराची वजावट कशी घ्यायची, नोटीस आली तर उत्तर काय द्यायचे. या प्रश्नांना पोर्टल उत्तर देत नाही. उलट पोर्टलमुळेच प्रश्न वाढले. एकच संगणकी बदल, त्याने एका पदवीधराचे काम हलके आणि स्वस्त केले आणि दुसरीचे जड आणि महाग केले. दोघांच्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का एकच आहे.

निन्जा आणि डिजिटल यांतला फरकही बहुतांशी हाच. दुसऱ्याने आखून दिलेला कोड तपासणे, ठरलेल्या चाचण्या चालवणे, तक्रारीचे तिकीट ठरलेल्या उत्तराने बंद करणे, या कामासाठी माणूस लागतो, पण बदली माणूस उद्या सकाळी मिळतो. नवीन काही उभे करणाऱ्याला बदली माणूस लवकर मिळत नाही.

आमच्या स्वतःच्या पेशातही ही फूट आली आहे, फक्त जरा वेगळ्या वाटेने. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण दिले होते. कितीही मोठी गायिका झाली तरी तिचा आवाज दिवाणखान्याबाहेर जात नाही, म्हणून तिच्या कमाईला मर्यादा आहे, असा त्याचा भावार्थ. पुढे तबकडी आली, रेडिओ आला आणि ती भिंत पडली. १९८१ मध्ये शर्विन रोझेन यांनी याचाच सिद्धांत केला : यंत्रामुळे एकाचा आवाज सगळ्यांपर्यंत पोहोचला, की पहिल्या क्रमांकावरचा आणि विसाव्या क्रमांकावरचा यांच्या हुनरात फरक थोडा असतो, कमाईत मात्र जमीन-अस्मानाचा होतो. शिक्षकाच्या बाबतीत ही भिंत वर्गाची होती. साठ मुले, फार तर ऐंशी. २०१६ मध्ये प्रयागराजच्या अलख पांडे यांनी यूट्यूबवर भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून 'फिजिक्सवाला' ही मोठी कंपनी उभी राहिली. मुलांना स्वस्तात चांगले शिकायला मिळाले, यात आनंदच आहे. पण त्याच विषयाची, कदाचित त्याहून चांगली पदवी असलेला तालुक्याच्या गावातला क्लासवाला आज मुले शोधत फिरतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण 'यंत्र आले, नशीब गेले' असे म्हणून सगळे यंत्राच्या माथी मारणे फार सोयीचे असते. सोयीचे कोणाला, तर पगार देणाऱ्याला.

महाराष्ट्रातल्या शाळेचा वर्ग घ्या. फळा तोच, पुस्तक तेच, पट तोच. एका वर्गावर कायम शिक्षक, शेजारच्या वर्गावर शिक्षण सेवक. शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे मानधन मिळते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ते प्राथमिकला महिना ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. मग ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. बी.एड. दोघांचे सारखे. विनाअनुदानित शाळेत गेलात तर हा आकडाही स्वप्न वाटावा अशी स्थिती आहे, आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले प्राध्यापक सुट्टीच्या महिन्यात काय खातात हे त्यांच्या घरच्यांना विचारा. या उतरंडीत संगणकाचा काडीचाही हात नाही. ती शासन निर्णयांनी आणि करारांनी झाली आहे.

याच्या उलट बँकेचे उदाहरण. रंगराजन समितीच्या ऐंशीच्या दशकातल्या अहवालांपासून सरकारी बँकांत संगणक आला. खातेवही गेली, पासबुक यंत्र भरू लागले, चेकच्या कागदाऐवजी त्याचे चित्र पाठवले जाऊ लागले. कारकुनाचे निम्मे काम नियमात बसणारे होते, ते यंत्राने घेतले. वरच्या हिशोबाने कारकुनाचा पगार टॅलीवाल्या मुलासारखा कोसळायला हवा होता. कोसळला नाही, कारण तिथे कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात द्विपक्षीय करार होतात. बारावा करार मार्च २०२४ मध्ये झाला आणि त्यात १७ टक्के वाढ मिळाली. भरती मात्र कमी झाली, हे खरे. पण आत असलेल्याचा भाव यंत्राने ठरवला नाही, टेबलावर बसून दोघांनी ठरवला.

वर ज्या ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांचे नाव घेतले, त्यांनीच एका अमेरिकन बँकेत जाऊन असेच काही पाहिले. चेकचे चित्र काढणारे तंत्र तिथे नव्वदच्या दशकात आले. खालच्या मजल्यावर चेकवरच्या रकमा टाकणारी माणसे होती, त्यांचे बरेचसे काम यंत्राकडे गेले. वरच्या मजल्यावर अडलेल्या चेकची प्रकरणे होती : सही जुळत नाही, खात्यात पैसे नाहीत, चेक थांबवा अशी सूचना आहे. आधी यातला एकेक तुकडा एकेक जण करी. चित्र आल्यावर वरिष्ठांनी ठरवले, की एका ग्राहकाची सगळी अडचण एकानेच सोडवायची. काम मोठे झाले, डोक्याचे झाले. हे यंत्राने सांगितले नव्हते. तेच यंत्र घेऊन कामाचे आणखी बारीक तुकडे करता आले असते, आणि आपल्याकडे बहुधा तेच होते.

२००० नंतरच्या अमेरिकेत आणखी एक गोष्ट दिसली. पदवीधर आणि बारावी झालेला यांच्यातले अंतर पूर्वीच्या वेगाने वाढेनासे झाले. ताण आला तो पदवीधरांच्या आत, नुसती पदवी आणि त्यापुढचे शिक्षण यांच्यामध्ये. पॉल ब्योद्री, डेव्हिड ग्रीन आणि बेंजामिन सँड या कॅनडातल्या अभ्यासकांनी दाखवले, की बुद्धीच्या कामाची मागणी मंदावली तेव्हा पदवीधर एक पायरी खाली उतरले, आणि त्यांनी खालच्या पायरीवरच्या कमी शिकलेल्याला आणखी खाली ढकलले. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला एकदा सहज त्याचे शिक्षण विचारून पाहा. हे वाक्य कॅनडाचे राहत नाही.

आपल्या देशात हे अंतर दुसऱ्या रूपातही दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ती ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण नको असा कोणी घेऊ नये. गरिबाला बेकार बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर वाट पाहतो, परीक्षा देतो, फॉर्म भरतो. वाट पाहण्याची ताकद ज्या घरात असते त्या घरातला मुलगा वरच्या पायरीसाठी वर्षभर तयारी करू शकतो. ज्या घरात नसते, तिथला मुलगा पहिली मिळेल ती साडेतीन लाखांची नोकरी उचलतो. आमचा चोवीस हजारांचा विद्यार्थी यातला आहे. धाकट्या बहिणीची फी भरायची होती, म्हणून त्याने दुसऱ्या परीक्षेपर्यंत दम धरला नाही.

आपल्या समाजात हे जास्त टोचते त्याचे कारण उघड आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले होते, की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीपर्यंत पोहोचलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. तेव्हापासून चित्र हलले आहे, वर्गातल्या मुलींची संख्या पाहूनच ते कळते. पण आजही कित्येक घरांत पदवीधर म्हणजे पहिलाच पदवीधर. त्याच्यासाठी अम्मीच्या बांगड्या गेलेल्या असतात, मामूंनी उसने दिलेले असतात, व्याज नको म्हणून बँकेचे दार टाळलेले असते. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तिथे एखाद्याचा पगार कमी निघाला तर तो सांभाळला जातो. इथे एकाच मुलावर सगळ्या घराचा हिशोब मांडलेला असतो.

आणि आता नव्या यंत्राविषयी, कारण पालकसभेत हल्ली कॉम्प्युटरविषयी नाही, 'ए.आय.'विषयी विचारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, त्यानंतर जुना नियम जरासा डळमळला आहे. पूर्वी नियमात लिहिता येणारे काम जाई. आता पत्र लिहिणे, मजकुराचा तर्जुमा करणे, साधा कोड लिहिणे, अशी कामेही यंत्र करते, आणि ती तर नव्या पदवीधराची पहिली-पहिली कामे. याबाबत दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे आहेत. पहिला ग्राहक सेवा देणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा, त्यातले बहुतेक फिलिपिन्समधले. ए.आय.ची मदत मिळाल्यावर त्यांचे काम सरासरी १४-१५ टक्क्यांनी वाढले, पण नवख्यांचे जवळपास एक-तृतीयांशाने वाढले. जुन्या, मुरलेल्या माणसांना फारसा फायदा झाला नाही. म्हणजे इथे यंत्राने दरी कमी केली, मुरलेल्याचे कसब नवख्याच्या हाती दिले. दुसरा अभ्यास २०२५ चा, अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा. त्यात असे दिसले, की ज्या कामांत ए.आय. जास्त शिरली, तिथे २२ ते २५ वर्षांच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. दोन्ही अभ्यासांत एरिक ब्रिन्योल्फसन हे अभ्यासक आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. आत शिरलेल्या नवख्याला यंत्र हात देते, दारात उभ्या असलेल्याला आत येऊ देत नाही.

उंबऱ्याच्या आतही निश्चिंती नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या हुद्द्यांवरची माणसे जास्त होती. म्हणजे चाळिशीतली, घराचे हप्ते भरणारी.

मुलींविषयी स्वतंत्र लिहायला हवे, पण एक उदाहरण इथेच सांगतो. गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या कमाईवरच्या कामासाठी. त्यांचे एक निरीक्षण असे, की शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरी जिथे कंपनी माणसाचे सगळे तास, रात्री आणि रविवारसुद्धा मागते, तिथे सर्वांत मोठी असते. मग त्यांनी आणि कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांकडे पाहिले. तिथे औषधे कारखान्यातून तयार येऊ लागली, रुग्णाची नोंद संगणकात राहू लागली, त्यामुळे एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहू शकतो. कमी तास काम करणाऱ्या बाईला तासाचा दर कमी मिळत नाही. हा पेशा तिथे स्त्री-पुरुष समतेत पुढच्या रांगेत गेला. बदली माणूस सहज मिळणे आयटीतल्या मुलाला घातक ठरले आणि इथे तेच बायकांच्या फायद्याचे ठरले. आपल्याकडे डी.फार्म., बी.फार्म.ला मुली मोठ्या संख्येने जातात, ही निवड वाईट नाही. फक्त आपल्याकडे कित्येक दुकानांत मुलीचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात आणि काउंटरवर दुसराच उभा असतो. अशा मुलीला प्रमाणपत्राचे भाडे मिळते, पगार नाही, आणि ते कायद्यालाही धरून नाही. रिश्ता ठरवताना 'लाइसेन्स तो है ना' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग लाइन कोणती घ्यायची? आम्ही आता पालकांना लाइन सांगत नाही. पदवीनंतर पहिल्या दोन वर्षांत मुलगा सकाळी दहा ते सहा नेमके काय करणार, हे त्या कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, आणि शक्यतो पहिल्या नंबरात न आलेल्या मुलांकडून ऐकून या, असे सांगतो. मोहल्ल्यात असा एखादा मुलगा असतोच. त्याला पॅकेज विचारू नका, काम विचारा. तो मोकळेपणाने बोलेल.

दुसरी गोष्ट कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सची. त्यावर 'हायेस्ट पॅकेज' असते, कधी 'अ‍ॅव्हरेज'. दहा मुलांपैकी नऊ जणांना तीन लाख आणि एकाला त्रेचाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाख निघते. सात लाख मात्र दहापैकी कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून मधला आकडा विचारायचा : सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे केले तर मधोमध उभ्या असलेल्याला किती? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा मधला पगार द्यावा लागतो, आणि ही माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात तीन रकाने पाहायचे : किती मुले पदवी घेऊन बाहेर पडली, किती जणांना नोकरी लागली, आणि त्यांचा मधला पगार किती. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की तो वाढतो आहे की जागीच आहे तेही कळते. जे कॉलेज या क्रमवारीत नाही, तिथल्या प्राचार्यांकडून हेच तीन आकडे लेखी मागावेत. कॅपचा पसंतीक्रम भरायला जे तीन-चार दिवस मिळतात, त्यातली एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, आणि मुलाला शेजारी बसवून पाहावे.